पहिली खराद घेताना

मागच्या उन्हाळ्यात बाबांनी बागेतली चाळीस संत्र्याची झाडं तोडली. आजोबांच्या हातची झाडं होती. आधी बुंध्यांवर डिंक्या दिसला, मग लागोपाठ दोन उन्हाळे विहीर आटली आणि झाडं शेंड्याकडून वाळत खाली आली. जळाऊ लाकूड घेणारा ट्रॅक्टर घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मी बाबांना म्हटलं, "आठ-दहा ओंडके मला ठेवा."

"ठेव. पण त्याचं करशीन काय?" बाबांनी विचारलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक ओंडका करवतीनं कापून पाहिला होता, एवढंच. आत पिवळसर, दाट, हात फिरवला तर दगडासारखं गुळगुळीत लाकूड निघालं. ते चुलीत घालवायला जीव होईना.

आमचं गाव लोधीखेडा. नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालं की सावनेरच्या पुढे आणि सौंसरच्या आधी लागतं. राज्य मध्यप्रदेश, जिल्हा २०२३ पासून पांढुर्णा. शाळेत हिंदी, घरात मराठी, आणि बागेतला संत्रा मात्र 'नागपुरी'. जुन्या गॅझेटियरमध्ये आमच्या गावाचं नाव येतं ते तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी, लाकडासाठी नाही. तरी पलंगाचे पाय, लाटणी आणि पाळण्याचे दांडे करणारं एक खरादीचं दुकान आमच्याकडे आहे. त्या ओंडक्यांमुळे मी त्या दुकानात गेले, आणि वर्षभरात स्वतःची एक छोटी खराद घेऊन बसले. घेताना दोन चुका केल्या, एक होता होता टळली. आपल्या मंडळात हातानं काही करून पाहावं असं वाटणारे बरेच जण आहेत, म्हणून हे लिहितेय.

खराद म्हणजे काय

सुतारकामात लाकूड स्थिर असतं आणि हत्यार फिरतं. खरादीवर उलट असतं. लाकूड दोन टोकांमध्ये पकडून गरागरा फिरवायचं आणि धारदार पटाशी त्याला स्थिर हातानं लावायची. त्यामुळे वस्तू आपोआप गोल होते: लाटणं, रवी, भोवरा, पलंगाचा पाय, वाटी. मराठीत हे काम करणारा तो कातारी, आणि क्रियापद कातणं. सूत कातणं आपल्याला आठवतं, लाकूड कातणं आपण विसरलो. आमच्याकडे हिंदीच्या शेजारामुळे 'खराद' रुळला. शहरात 'लेथ' म्हणतात. तिन्ही एकच.

वीज येण्याआधीही खराद होतीच. जमिनीवर दोन आधार, त्यांच्यामध्ये लाकूड, लाकडाला दोरीचा वेढा आणि ती दोरी कमानीनं पुढे-मागे ओढायची. लाकूड एकदा इकडे फिरणार, एकदा तिकडे, आणि कातारी एकाच फेऱ्यात कापणार. भोपाळच्या अलीकडे बुधनीत दुधीच्या लाकडाची रंगीत खेळणी खरादीवरच होतात. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणीही तशीच. तिथे फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतात; घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि रंग लाकडावर चढतो. मग केवड्याच्या जातीच्या पानानं घासून चकाकी आणतात. ब्रश लागत नाही, वाळायला वेळ लागत नाही.

आणि आपल्या घरातलं उदाहरण हवं असेल तर तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल ओढत घरोघरी बोजारा मागत फिरतात. त्या बैलाची चाकं पाहा. चांगल्या बैलाची चाकं खरादीवरची असतात.

काकांचा प्रश्न

दुकानातल्या काकांना मी फोनवर मशीनचे फोटो दाखवले. माझ्याकडे शिकवण्यांचे आणि शिष्यवृत्तीचे मिळून पस्तीस हजार होते. मला एक लांबलचक मशीन आवडलं होतं. चाळीस इंची लाकूड बसेल असं, दिसायला मोठं, किमतीला स्वस्त. काकांनी फोटो नीट पाहिलासुद्धा नाही.

"तुले बनवाचं काय हाय, ते पह्यले सांग. मशीन मंग पाहू."

मी म्हटलं, लाटणं, रवी, छोटी वाटी, भोवरा, चाकं.

"अन् लाकूड कोणतं?"

संत्र्याचं, म्हटलं. बुंधे चार-पाच इंच जाडीचे, त्यातही सरळ तुकडा फूट-दीड फूट निघेल.

"मंग चाळीस इंचात बसवशीन काय?"

या प्रश्नात सगळं आलं. पहिली खराद निवडताना मशीनपासून सुरुवात करायची नसते. हाताशी असलेलं लाकूड आणि करायची वस्तू यांपासून करायची असते. पलंगाचे पाय करायचे असते, तर लांब मशीन लागलं असतं. मोठ्या परातीएवढ्या वाट्या करायच्या असत्या, तर उंच लागलं असतं. माझ्या ओंडक्यांना दोन्हीची गरज नव्हती.

दोन मापं

कोणत्याही खरादीची दोन मापं आधी विचारायची.

पहिलं, केंद्रापासून खालच्या पाट्यापर्यंतची उंची. तिची दुप्पट म्हणजे त्या मशीनवर फिरू शकणारा जास्तीत जास्त व्यास. त्याला स्विंग म्हणतात. केंद्र पाट्यापासून पाच इंच वर असेल, तर स्विंग दहा इंच. लांब वस्तू करताना मात्र हत्यार टेकवायच्या आधाराचा पाय मध्ये येतो, त्यामुळे तिथे व्यास आणखी कमी मिळतो.

दुसरं, दोन टोकांमधलं अंतर. एका बाजूला मोटरीनं फिरणारं डोकं, ते हेडस्टॉक. दुसऱ्या बाजूला लाकडाला मागून टेकू देणारं सरकतं टोक, ते टेलस्टॉक. या दोघांमध्ये जेवढी जागा, तेवढंच लांब लाकूड बसणार. लाटण्याला साधारण बारा-चौदा इंच पुरतात. टेबलाच्या पायाला अठ्ठावीस-तीस लागतात.

माझा हिशेब झाला: स्विंग दहा इंच, अंतर सोळा-अठरा इंच. टेबलावर ठेवता येणारी मध्यम खराद. अर्ध्या एचपीची, म्हणजे सुमारे ३७० वॅटची मोटर तिला पुरते, आणि ती घरच्या साध्या सिंगल फेजवर चालते. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा मोटर तापते आणि जोर कमी होतो. म्हणून मी सकाळीच काम करते. अर्थिंग नीट आहे ना, हे मात्र मशीन लावायच्या आधीच वायरमनकडून बघून घ्यावं.

वजन ही खोट नाही

इतर सामान घेताना आपण हलकं शोधतो. खराद जड शोधायची. कच्चा ओंडका कधीच नेमका गोल नसतो. तो फिरायला लागला की एक बाजू जड पडते आणि सगळं मशीन थरथरतं. बिडाचं जड अंग ही थरथर पोटात घेतं. पत्रा वाकवून केलेलं अंग ती वाढवतं, आणि हातातली पटाशी नाचायला लागते. मला आवडलेलं ते लांब मशीन पत्र्याचंच होतं.

तेवढ्यात माझी पहिली चूक होऊन गेली होती. काकांकडे जाण्याआधीच एका विक्रेत्याला मी दोन हजार बयाणा पाठवला होता. नको म्हटल्यावर तो परत आला नाही. घरी सांगितलं, तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. ट्रॅक्टरवाल्यानं चाळीस झाडांचे किती दिले, ते मला ठाऊक होतं. म्हणून सांगते, मशीन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, हातानं फिरवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

समोर उभं राहून काय पाहायचं

काकांनी शिकवलेली तपासणी अशी:

१. हेडस्टॉकमध्ये एक टोकदार सेंटर लावायचा, टेलस्टॉकमध्ये दुसरा. टेलस्टॉक सरकवून दोन्ही टोकं भिडवायची. टोकाला टोक बरोबर लागलं पाहिजे. एक वर, एक खाली असेल तर ते मशीन सोडून द्यायचं.

२. मशीन बंद असताना फिरणारा दांडा हातात धरून वर-खाली हलवायचा. खडखड जाणवली तर बेअरिंग गेलेलं आहे. मग हातानं हळू फिरवून कान लावायचा. खरखर ऐकू येता कामा नये.

३. पाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून मशीन हळू ते जोरात चालवायचं. पाणी किती थरथरतं, ते बघायचं.

४. टेलस्टॉक आणि हत्याराचा आधार घट्ट आवळून दोन्ही हातांनी ढकलायचे. हलले तर काम करतानाही हलणार.

५. दांड्याच्या टोकाची चूड मोजून घ्यायची. लाकूड पकडायचा चक याच चुडीवर बसतो. एक इंच जाडीची आणि इंचाला आठ आटे असलेली चूड मध्यम मशीनवर सर्रास असते, आणि तिचे चक सहज मिळतात. वेगळीच चूड असेल तर पुढे चक शोधताना जीव जातो. दांड्याच्या आतल्या निमुळत्या भोकाचंही माप असतं. 'मोर्स टेपर दोन' असेल तर उत्तम.

६. वेग कसा बदलतो, ते विचारायचं. काहींत पट्टा एका पुलीवरून दुसऱ्या पुलीवर टाकावा लागतो, काहींत नुसतं बटण फिरवायचं. बटणाचं सोयीचं, पट्ट्याचं दुरुस्तीला सोपं. गावात राहणाऱ्यानं दुसऱ्या गोष्टीचा विचार करावा. दोन्हींत सर्वांत कमी वेग किती, हे महत्त्वाचं. मिनिटाला पाचशे फेऱ्यांच्या आसपास उतरत असेल तर नवशिक्याला बरं.

वेगाचं गणित

लाकूड जेवढं जाड, तेवढे फेरे कमी. एक ढोबळ नियम असा की, व्यास इंचांत आणि फेरे मिनिटाला मोजले तर त्यांचा गुणाकार ६००० ते ९००० मध्ये असावा. तीन इंची तुकड्याला २००० ते ३००० फेरे, सहा इंचीला १००० ते १५००. पण हे गोल झालेल्या, संतुलित लाकडासाठी. साल असलेला वाकडा ओंडका नेहमी सर्वांत कमी वेगावर सुरू करायचा.

हे का, ते आकड्यांत पाहा. दहा इंच व्यासाची वाटी मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर तिची कड ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगानं पळत असते. लाकडात आधीच चीर असेल आणि तुकडा सुटला, तर तो त्याच वेगानं तोंडावर येणार.

पैशांची वाटणी

होता होता टळलेली चूक ही. मी पस्तीसचे पस्तीस हजार मशीनमध्ये घालणार होते. नुसतं मशीन म्हणजे सुईशिवाय शिलाई मशीन. शेवटी नागपुरात एका हौशी माणसाकडून जुनी खराद एकोणीस हजारांना घेतली. दहा इंच स्विंग, अठरा इंच अंतर, बिडाचं अंग; उचलायला दोन माणसं लागली. उरलेल्या पैशांत हे आणलं:

हायस्पीड स्टीलच्या पटाश्या, सहा हजार. चारच: ओंडका गोल करायची रुंद गोल पटाशी, नक्षीची अरुंद गोल पटाशी, तिरकी पटाशी आणि काप पाडायची पटाशी. पहिल्या रुंद पटाशीनं वाटी कधी कोरायची नाही. मुठीजवळ ती बारीक असते, आणि आडव्या रेषांच्या लाकडात अडकली तर मोडते. वाटीसाठी वेगळी गोल पटाशी मिळते, ती मी नंतर घेतली.

चार जबड्यांचा चक, साडेपाच हजार. धार लावायचा ग्राइंडर, तीन हजार. तोंड पूर्ण झाकणारी पारदर्शक ढाल, सातशे.

ग्राइंडर लोक शेवटी घेतात. तो मशीनबरोबरच घ्यायला हवा. संत्र्याच्या लाकडात दहा-पंधरा मिनिटांत धार उतरते. बोथट हत्यार कापत नाही, खरवडतं. मग आपण जोर लावतो, आणि जोर लावला की हत्यार अडकतं.

याहून कमी पैसे असतील तर? ड्रिल मशीनला जोडायचे छोटे सांगाडे मिळतात. त्यावर भोवरा, पेन, छोटा दांडा होतो. जाड ओंडक्याचा भार मात्र ड्रिलला सोसत नाही. जुनी लोखंड कातायची लेथ स्वस्तात घ्या, असाही सल्ला मिळतो. ती मजबूत असते, पण तिच्यात हत्यार यंत्राच्या पकडीत असतं, हातात नसतं. आणि तेल लावलेल्या पाट्यांवर लाकडाचा भुसा चिकटून बसतो. सर्वांत स्वस्त मार्ग तिसराच आहे. गावातल्या कातारीकडे महिनाभर जाऊन बसा. मी सुट्टीत वीस दिवस गेले. पहिले पाच दिवस नुसता भुसा झाडला. सहाव्या दिवशी काकांनी माझ्या हातात पटाशी दिली आणि माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवला. लाकूड 'कापलं जातंय' आणि 'खरवडलं जातंय' यांतला फरक मला तेव्हा आवाजावरून कळला. चांगल्या कापाचा आवाज रेशमी कापड फाडल्यासारखा येतो, आणि भुग्याऐवजी लांब सळ निघते.

अंगावरचं सगळं उतरवा

ओढणी नाही. सैल बाही नाही. वेणी बांधून कुर्त्याच्या आत. अंगठी, बांगड्या, मनगटावरचा धागा, गळ्यातला गंडा किंवा साखळी, श्रद्धेचं असलं तरी काम संपेपर्यंत खिशात. हातमोजेही नाहीत, फिरत्या लाकडानं मोजा पकडला तर बोटं त्याच्यामागे जातात. मशीन सुरू करताना लाकडाच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. लाकूड हातानं एक पूर्ण फेरा फिरवून कुठे अडत नाही ना, ते पाहायचं आणि मगच बटण. नाकाला मास्क लावायचा. लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं नाकात जाणं कर्करोगाचं कारण ठरलेलं आहे, ही काही घाबरवायची गोष्ट नाही.

संत्र्याचं लाकूड

माझी दुसरी चूक मशीनमध्ये नव्हती, लाकडात होती. ओंडके मी मे महिन्यात अंगणात तसेच रचून ठेवले. दहांपैकी सहा तडकले. ओल्या लाकडातलं पाणी सर्वांत लवकर कापलेल्या टोकांतून जातं. टोकं आकसतात, मधला भाग आकसत नाही, आणि चीर पडते. तोडल्याच्या दिवशीच टोकांना मेण किंवा जुना रंग फासून सावलीत ठेवायला हवं होतं. शक्य असेल तर मधला गाभा टाळून ओंडका उभा चिरून ठेवावा. हवेवर वाळायला इंचभर जाडीला साधारण वर्ष धरतात. वाटी करायची असेल, तर ओली असतानाच जाड कोरून ठेवायची, भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी. काही महिन्यांनी ती वाळून थोडी वाकडी झाली की पुन्हा चढवून गोल करायची.

उरलेल्या चार ओंडक्यांपैकी एक बुंध्याचा होता. संत्र्याचं कलम जंबेरीच्या खुंटावर बांधतात, हे शेतकऱ्याच्या पोरीला माहीत असतंच. पण तो जोड आतून मी कधी पाहिला नव्हता. खरादीवर साल निघाली आणि मधोमध एक नागमोडी रेघ दिसली. रेघेच्या खाली जंबेरी, वर संत्रा. दोन झाडं इतकी वर्षं एकमेकांना धरून होती. बाबांना हाक मारून दाखवलं. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे तुह्या आजोबानं बांधलं व्हतं. डोळा बराबर बसला व्हता."

त्या तुकड्याचं मी अजून काही केलेलं नाही. हात आणखी बसू दे. पहिलं लाटणं एका टोकाला जाड झालं, तरी आई तेच वापरते. रवी बरी झाली. यंदाच्या तान्ह्या पोळ्याला भाच्याच्या बैलाला चार चाकं केली. त्यांतलं एक थोडं डुगडुगतं, पण बोजारा भरपूर मिळाला.

तुम्हाला खराद घ्यायची असेल तर आधी हाताशी कोणतं लाकूड आहे ते पाहा, मग काय करायचं ते ठरवा, आणि जवळचा कातारी शोधून त्याच्याकडे आठवडाभर भुसा झाडा. मशीनचा फोटो त्यानंतर बघा.